नाताळच्या सुट्टीत घराची शाळा करू नका: पालकांच्या या चुका टाळा

नाताळची सुट्टी मोजून आठ-दहा दिवसांची. गॅदरिंगची धावपळ नुकतीच आटपलेली असते, जानेवारीत परत युनिट टेस्ट येणार असते आणि मधल्या या दिवसांकडून आपण फार अपेक्षा ठेवतो. मी नाशिकला पाचवीच्या मुलांना शिकवते आणि घरी माझी स्वतःची दोन मुलं आहेत. सुट्टी संपल्यावर वर्गात येणारी मुलं दरवर्षी बघते. काही टवटवीत असतात, काही सुट्टीआधी होती त्याहून दमलेली. ही दमलेली मुलं बहुतेक अशा घरांतली असतात जिथे पालकांनी मनापासून मेहनत घेतलेली असते. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं.

राहिलेला पोर्शन सुट्टीत भरून काढायचा

ही चूक मी स्वतः केली आहे. मुलगी चौथीत असताना 25 डिसेंबरच्या सकाळी चार रंगांत वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. नऊला गणित, दहाला इंग्रजी, अकराला परिसर अभ्यास. तिसऱ्या दिवशी ती वहीसमोर बसून नुसती पेन्सिल सोलत होती. रागावले तर डोळ्यांत पाणी. त्या दुपारी वेळापत्रक काढून टाकलं आणि तिला शेजारी घेऊन बसले.

तीन महिन्यांचा पोर्शन आठ दिवसांत भरत नाही. एक कच्चा दुवा मात्र नक्की पक्का होतो. तो शोधायला मागच्या परीक्षेचे पेपर काढा. गुणांकडे बघू नका, चूक कुठल्या पायरीवर झाली ते बघा. पाचवीतल्या मुलाला भागाकार येत नाही असं आई-बाबा सांगतात तेव्हा पुष्कळदा भागाकाराची रीत त्याला कळलेली असते, सात आणि आठचे पाढे डळमळीत असतात. मग भागाकाराच्या चाळीस उदाहरणांचा उपयोग शून्य. रोज सकाळी अंघोळीनंतर वीस मिनिटं पाढे, उलटे-सुलटे, बोलून. बास, तेवढंच. बाकीचा दिवस मोकळा.

वहीत होतो तोच अभ्यास, असं धरून चालायचं

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान या समजुतीने होतं. थंडीचे दिवस मुलांना शिकवायला किती चांगले आहेत, ते वर्कशीटवर कधी कळत नाही.

माझे सासरे निफाड तालुक्यात असतात. द्राक्षाची बाग आहे. मागच्या वर्षी सुट्टीत मुलांना तिकडे नेलं होतं. रात्री जेवण झाल्यावर सगळे अंगणात शेकोटीभोवती बसलो होतो, मुलगी गोधडी पांघरून. आजोबांनी पूर्वेकडे बोट दाखवलं. एका ओळीत तीन तारे, त्यांच्याभोवती चौकोन करणारे चार. "हे मृग. अन् ह्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढव बरं." रेघ थेट एका लखलखीत ताऱ्यापाशी गेली. तो व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. वरच्या बाजूला लालसर रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मृग तर पावसाचं ना? तुम्हीच म्हणता मृगाचा पाऊस. मग ते थंडीत कसं दिसतं?"

आजोबांनी उत्तर सांगितलं नाही. शेकोटीतलं जळकं लाकूड हा सूर्य धरला, तिला पृथ्वी केलं आणि गोल फिरायला लावलं. कडेची विहीर म्हणजे मृग. शेकोटीच्या ज्या बाजूने विहीर नेमकी जाळापलीकडे येत होती, तिथे तिला थांबवलं. "आता दिसती का विहीर?" जाळामुळे दिसत नव्हती. जूनमध्ये सूर्य मृग नक्षत्रात असतो म्हणजे काय, हे तिला तेव्हा उमगलं. तो पाऊस मृगाचा, कारण तेव्हा सूर्य मृगापाशी असतो आणि म्हणूनच त्या दिवसांत मृग दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडच्या बाजूला आली की रात्रभर दिसतं. हा धडा मी वर्गात फळ्यावर कितीदा काढला असेल, पण असा कधी जमला नाही.

गावी जाणं जमत नसेल तर गच्ची पुरते. डिसेंबरअखेर रात्री आठ-नऊच्या सुमारास शहरातल्या उजेडातही मृग आणि व्याध दिसतात. दिवसा सावली मोजा. एक मीटरची काठी सपाट जागी उभी करा आणि दुपारी बारापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. नाशिकला सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, साडेबारा उलटून गेल्यावर पडते. घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, म्हणून सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेत उशिरा येतो. 22 डिसेंबरच्या आसपास ही सावली जवळजवळ काठीएवढी भरते. माप वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि मे महिन्यात विसाव्या तारखेच्या सुमारास तीच काठी पुन्हा उभी करा. सावली पायाशीच गुडूप होईल.

पेपरात निफाडचं तापमान येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद असते ती. मुलाला ते आकडे रोज लिहायला सांगा, कालच्यापेक्षा किती कमी-जास्त ते काढायला सांगा. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी आपोआप होते. पारा फार उतरला की बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या का पेटवतात, ठिबक का चालू ठेवतात, हा पुढचा प्रश्न मूलच विचारेल. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं, हे हात घालून बघू द्या.

प्रोजेक्ट आईने करायचा

वर्गात मला लगेच ओळखू येतं. मुलाने केलेलं वाकडंतिकडं चित्र मला जास्त आवडतं, हे सगळ्या शिक्षकांच्या वतीने सांगते. तुम्ही फक्त सामान आणून द्या.

झोप आणि मोबाइल

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सुट्टीत ते बारा वाजता झोपतात, दहाला उठतात, तास भरतात असं वाटतं. पण शाळा उघडली की सहाला उठायचं असतं आणि पहिला आठवडा सगळं घर चिडचिडं होतं. तासभर इकडे-तिकडे चालेल, त्याहून जास्त घसरू देऊ नका.

मोबाइल पूर्ण बंद करण्याचा प्रयत्न करू नका. दोन दिवस टिकतो आणि मग दुप्पट मिळतो. आमच्याकडे एक नियम टिकला: जेवताना आणि रात्री नऊनंतर सगळ्यांचे फोन हॉलमधल्या टेबलावर. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. ऑफिसचा फोन आला तर उठून घ्यायचा आणि परत तिथेच ठेवायचा.

दुपारी तीन ते पाच हा अवघड वेळ. "कंटाळा आला" सुरू होतं. लगेच काहीतरी हाती देऊ नका. अर्धा तास जाऊ द्या, बहुतेक मुलं स्वतःच काही काढतात. नाहीच जमलं तर 'किशोर' मासिकाचे जुने अंक पुढे ठेवा. बालभारती ते 1971 पासून काढते आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

आई सोडून सगळ्यांना सुट्टी

सगळे घरी म्हणजे स्वयंपाकघर दिवसभर चालू. सकाळी पोहे, दुपारी गरम भाकरी, संध्याकाळी भजी, पाहुणे आले की पुन्हा चहा. आई दमली की आवाज चढतो आणि मुलांना वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. हे मी घरातही पाहिलं आहे आणि मुलांच्या निबंधांतही वाचलं आहे.

मुलांना लुटुपुटूचं काम देऊ नका, खरं द्या. मटार सोलणं पूर्णपणे त्यांचं. भाजीचा हिशेब त्यांचा: शंभराची नोट, मेथीची जुडी, परत किती आले. डिंकाचे लाडू करताना प्रमाण त्यांना काढू द्या: अर्धा किलो खारकेला पाव किलो डिंक, तर दीड किलोला किती? तापल्या तुपात डिंक का फुलतो तेही विचारतील. आतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो. तूप मात्र मोठ्या माणसानेच हाताळायचं. आणि एक अख्खी दुपार आईची असू द्या. ती झोपेल, मैत्रिणीकडे जाईल, तिची मर्जी.

थंडीत खोली बंद करून घेणं

हे वाचून विसरू नका. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी, दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन साठू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस नुसता गुंगीत जातो. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा, खिडकी उघडी ठेवा, आणि मूल अंघोळीला गेलं की अधूनमधून हाक मारा. शेगडी विझवूनच झोपा. शेकायचं असेल तर सकाळचं ऊन आहे.

शेवटच्या रात्री सगळं आठवणं

वही संपली आहे, स्वेटर धुवायचा राहिला आहे, सुट्टीतल्या अभ्यासाचं पान सापडत नाही. हे सगळं शाळेच्या आदल्या रात्री दहा वाजता बाहेर येतं. दप्तर तीन दिवस आधी मुलाकडूनच उघडवून घ्या आणि त्याच दिवसापासून झोपायची वेळ रोज वीस-वीस मिनिटं अलीकडे आणा. आदली संध्याकाळ मोकळी सुटली, तर गच्चीवर जाऊन मृग अजून तिथेच आहे का ते बघून या. पहिल्या रात्रीपेक्षा त्याच वेळेला थोडं वर सरकलेलं दिसेल. का, ते मुलाला विचारा.