परदेशी रस्त्यावर सायकल : नाशिकहून जाणाऱ्यांसाठी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या नाशिककराने सायकलच्या बाबतीत दमाची चिंता करण्याचे कारण नाही. ज्या गावातून पंढरपूरपर्यंत सायकल वारी निघते आणि जिथल्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, त्या गावाला अंतराचे अप्रूप उरलेले नाही. अडचण येते ती अंगवळणी पडलेल्या सवयींची. येथे मुख्यतः नेदरलँड्स आणि जर्मनी डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण तेथे रोजच्या कामासाठी सायकल खरोखरच वापरली जाते आणि आपल्या सवयींची परीक्षाही तेथेच होते.

रस्त्याची बाजू बदलणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग आहे. ब्रिटन, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. उरलेल्या युरोपात जवळपास सर्वत्र आणि अमेरिकेत ती उजवीकडून चालते. गर्दीत सहसा चूक होत नाही, कारण पुढचा जातो तसे आपण जातो. चूक होते ती पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, इमारतीच्या फाटकातून बाहेर पडताना किंवा एकेरी मार्ग संपून दुहेरी रस्ता सुरू होतो तेथे. अशा ठिकाणी सायकलवर बसण्यापूर्वीच आपली बाजू मनाशी पक्की करावी. सर्कलला वळसा घालताना नाशिकमध्ये मधले बेट आपल्या उजव्या हाताला राहते. तेथे ते डाव्या हाताला राहील, एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरते.

बाजूपेक्षा ब्रेक अधिक फसवतात. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो, तर युरोपातील मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताखाली येतो. मागचा समजून डावा लिव्हर जोरात दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. म्हणून सायकल हाती येताच तिच्या शेजारी उभे राहून एक लिव्हर दाबावा आणि तिला पुढे ढकलून कोणते चाक अडते ते पाहावे. नेदरलँड्समधील अनेक साध्या सायकलींना तर मागच्या चाकासाठी लिव्हरच नसतो. पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. सिग्नलला उभे राहिल्यावर पेडल सहज मागे फिरवून पायाखाली आणण्याची जी आपली सवय आहे, ती या सायकलीवर चालत नाही, कारण पेडल मागे फिरतच नाही. त्यामुळे थांबता थांबताच एक पेडल थोडे पुढे आणि वर राहील असा बेत करावा लागतो, अन्यथा दिवा हिरवा झाल्यावर मागच्यांचा खोळंबा होतो. रिकाम्या पटांगणात काही वेळ चालवून पाहिल्याशिवाय अशी सायकल रहदारीत नेऊ नये.

खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. द्वारका सर्कलवर किंवा मुंबई नाक्यावर आपण नियमापेक्षा समोरच्याच्या नजरेवर आणि त्याच्या पुढच्या चाकाच्या दिशेवर भरवसा ठेवतो. तो जरा थबकला की आपण निघतो, त्याने हॉर्न दिला की आपण थांबतो. ही क्षणाक्षणाची तडजोड हे कौशल्यच आहे आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. मात्र तेथे ते उपयोगी पडत नाही, उलट घात करते. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील तर आपण थांबायचे, आणि ती दुसऱ्याकडे असतील तर आपण जायचे. जेथे कोणतीही खूण नाही तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. नेदरलँड्समध्ये 1 मे 2001 पासून हा हक्क उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वारालाही मोटारीपुढे मिळालेला आहे. आपला हक्क नसताना घुसणे जसे चुकीचे, तसेच हक्क असताना विनाकारण थांबून दुसऱ्याला हाताने ‘तुम्ही जा’ म्हणणेही गोंधळ वाढवणारे ठरते, कारण मागून येणाऱ्या सायकलस्वाराने तुम्ही जाणार असे गृहीत धरलेले असते. आपल्या माणसांना हा दुसरा भाग शिकायला जास्त वेळ लागतो, असे माझे मत आहे. अर्थात हक्क असला तरी मोटारीचा वेग कमी होतो आहे की नाही, हे पाहणे कोणत्याही देशात सोडू नये.

वळण्यापूर्वी मान मागे वळवून पाहणे आणि हात बाहेर काढून दिशा दाखवणे, या दोन्ही गोष्टींचा सराव नाशिकमध्येच करून जावा. गंगापूर धरणाकडे सकाळी लवकर गेल्यास रहदारी कमी असताना, आपल्या डाव्या बाजूनेच चालत, मान वळवली तरी सायकल सरळ रेषेत राहते का हे पाहता येते. सुरुवातीला बहुतेकांची सायकल मान जाईल तिकडे सरकते. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशात डावे वळण हे आपल्या उजव्या वळणासारखे, म्हणजे समोरची वाहतूक ओलांडून घेण्याचे असते. डेन्मार्कमध्ये तर सायकलस्वाराने चौफुली आधी सरळ ओलांडून, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून मगच डावीकडे जायचे असते, आणि थांबण्यापूर्वी हात वर करण्याची तेथे रीत आहे. उजवीकडे वळणाऱ्या ट्रकच्या उजव्या अंगाला कधीही उभे राहू नये. चालकाला तेथला सायकलस्वार दिसत नाही. ट्राम असलेल्या शहरात रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत, कारण तिरके गेल्यास चाक खाचेत अडकते.

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. निळ्या गोल फलकावर पांढरी सायकल दिसली की त्या मार्गाचा वापर सक्तीचा असतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो, आणि आपल्याकडे पहाटेच्या फेरीत सर्रास लावला जाणारा लुकलुकणारा दिवा जर्मनीत व नेदरलँड्समध्ये चालत नाही. नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरण्यास बंदी आहे. साध्या सायकलीसाठी या दोन्ही देशांत हेल्मेट सक्तीचे नाही, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये मात्र आहे. सक्ती नसली तरी निदान सुरुवातीच्या काळात ते घालावे.

डिसेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कामावर जाणे व परत येणे ही दोन्ही बहुधा अंधारातच होतात आणि दिव्याची गरज वेगळी सांगावी लागत नाही. तेथे घाट नाहीत, पण समोरून येणारा वारा कसाऱ्याच्या चढाची उणीव भासू देत नाही. गारठ्याच्या सकाळी पुलावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असू शकतो. तेथे ब्रेक दाबू नये आणि वळूही नये.

आपली सायकल बरोबर नेण्याचा मोह साध्या वापरासाठी तरी टाळावा, कारण ती खोक्यात भरणे, विमानाचे भाडे आणि पोहोचल्यावर तिला जपणे यापेक्षा तेथे जुनी सायकल घेणे स्वस्त पडते. न्यायचीच असेल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे पाना लावण्यापूर्वी लक्षात घ्यावे, आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जायचे असल्यास टायरच्या खाचांतली द्राक्षबागेची माती ब्रशने पूर्ण काढावी, कारण तेथील जैवसुरक्षा तपासणीत मातीने माखलेली सायकल अडवली जाते. जुनी सायकल घेताना पावती आणि फ्रेमवरील क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्टेशनजवळ कोणी फारच कमी किमतीत विकत असेल तर ती चोरीची असण्याचा संभव मोठा असतो आणि घेणाराही अडचणीत येतो. मागच्या चाकाचे कुलूप एकटे पुरत नाही, कारण सायकल उचलून नेता येते. म्हणून जाड साखळी फ्रेममधून आणि पुढच्या चाकातून घेऊन पक्क्या खांबाला किंवा स्टँडला बांधावी, आणि चांगल्या कुलपावर खर्च करताना हात आखडू नये.