ओकिनावाचे गड, देवराई आणि भुयारं: कुठून सुरू करायचं, कसं फिरायचं

जपान म्हटलं की आपल्याकडच्या टूरवाल्यांचं ठरलेलं असतं, टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका आणि परत. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचं नाव निघालंच तर बीच आणि मोठं मत्स्यालय, संपलं. पण साताऱ्यात राहणारा, रविवारी अजिंक्यतारा नाहीतर सज्जनगड चढणारा माणूस ओकिनावाला गेला तर त्यानं तिथले गड बघायलाच जावं असं माझं ठाम मत आहे. ग्रुपमध्ये बरेच जण विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो, लांबलं तरी वाचा.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ओकिनावा मुळात जपानचा भाग नव्हतंच. तिथं र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. बेटावर तीन राजे आपापसात भांडत होते, त्यांना १४२९ ला शो हाशी नावाच्या राजानं एक केलं आणि शुरीला राजधानी धरून चीन, जपान, कोरिया, आग्नेय आशिया असा सगळा समुद्री व्यापार चालवला. १६०९ ला जपानच्या सात्सुमा सरदारांनी स्वारी केली, राजा नावाला राहिला पण सूत्रं तिकडं गेली, आणि १८७९ ला जपाननं राज्यच खालसा केलं. पुढं १९४५ ची लढाई, मग अमेरिकेचा अंमल, तो १५ मे १९७२ ला संपला. एवढं माहीत असलं की बेट फिरायचा क्रम आपोआप कळतो: आधी राज्य, मग देव, मग युद्ध. ह्या क्रमानं बघितलं तर प्रत्येक जागा पुढच्या जागेचा अर्थ सांगते. उलटं केलं तर शुरीचा किल्ला नुसता लाल रंगाचा फोटो होऊन बसतो.

पहिला दिवस नाहा शहर आणि शुरी, गाडी घ्यायची गरजच नाही. विमानतळावरनं मोनोरेल थेट शुरीपर्यंत जाते, २४ तासांचा पास काढा, तो दिवसाचा नाही तर तासांचा असतो म्हणजे दुपारी काढला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. शुरीला जायच्या आधी वाटेत ओमोरोमाची स्टेशनला उतरून ओकिनावाचं प्रीफेक्चर (म्हणजे प्रांताचं) म्युझियम बघा, दोन तास द्या, इमारतच गुसुकूच्या तटासारखी बांधलीय (गडाला तिकडं गुसुकू म्हणतात). मग शुरी. इथला मुख्य दरबार १९४५ ला उद्ध्वस्त झाला कारण जपानी ३२ व्या सैन्याचं मुख्यालय किल्ल्याच्या खालीच भुयारात होतं. १९९२ ला परत उभा केला, तर ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे आगीत जळाला. आता पुन्हा बांधतायत, २०२६ च्या शरदात पूर्ण करायचं नियोजन आहे, त्यामुळं तारखा ठरवताना किल्ल्याच्या अधिकृत साईटवर आत कुठपर्यंत सोडतायत ते बघून घ्या. आणि हे लक्षात घ्या की २००० साली युनेस्कोच्या यादीत जे गेलं ते वरची लाल इमारत नाही, तर खालचे जुने दगडी अवशेष. आपल्यासारख्यांना ते बरोबर पटतं.

शुरीवर लोक शुरेईमोन दरवाजाशी फोटो काढतात (२००० येनच्या नोटेवर तोच दरवाजा आहे) आणि परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. चालत पाच-दहा मिनिटांवर तामाउदुन आहे, राजघराण्याची दगडी समाधी, १५०१ ला शो शिन राजानं बापासाठी बांधली. आत तीन दालनं आहेत. माणूस गेला की देह आधी मधल्या दालनात ठेवायचे, काही वर्षांनी हाडं धुवायची, मग राजा-राणीची हाडं पूर्वेच्या दालनात आणि बाकीच्यांची पश्चिमेच्या. आत जाता येत नाही, पण पुढच्या अंगणात प्रवाळाचे पांढरे तुकडे पसरलेत त्यावर पाय पडले की आवाज येतो, तेवढ्यानंच माणूस हळू चालायला लागतो. तिथनं उतरून किंजो-चोची दगडी वाट गाठा, सोळाव्या शतकातल्या राजरस्त्याचा वाचलेला तुकडा आहे, उतार चांगलाच तीव्र आहे म्हणून वरनं खाली या.

दुसऱ्या दिवशी गाडी लागणार. ह्याची तयारी इकडंच करायची. सातारा किंवा सांगली, जिथलं लायसन्स असेल त्या आरटीओकडनं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो. जपान १९४९ च्या जिनिव्हा करारातलं परमिट मानतं आणि भारत त्या करारात आहे, त्यामुळं अडचण येत नाही, फक्त परमिटचं पुस्तक, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट तिन्ही जवळ पाहिजेत, मोबाईलमधला फोटो चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडं, गाडी डावीकडनं, म्हणजे आपल्यासारखंच. नेव्हिगेशनला जपानी अक्षरं टाकत बसू नका, जागेचा फोन नंबर नाहीतर मॅपकोड (प्रत्येक जागेचा ठरलेला आकडी क्रमांक) टाकला की रस्ता लागतो. व्हिसा आणि विमानाचं बघायचं तर मुंबईहून नाहाला थेट विमान नाही, टोकियो, तैपेई, हाँगकाँग असं कुठंतरी बदलावं लागतं, मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता गड. मधल्या भागात झाकिमी, नाकागुसुकू आणि कात्सुरेन असे तीन आहेत आणि ते ह्याच क्रमानं करायचे, कारण तिघांची मिळून एक गोष्ट आहे. गोसामारू नावाचा सरदार होता, गड बांधण्यात एकदम निष्णात. त्यानं आधी झाकिमी बांधला. छोटा गड आहे, वीस मिनिटात वर जाता, पण तटाची वळणं बघा, सरळ रेषा कुठंच नाही, आणि दरवाजाच्या कमानीत मधोमध पाचर ठोकलीय ती हात लावण्याइतकी जवळ आहे, ओकिनावातल्या सगळ्यात जुन्या कमानींपैकी एक मानतात. मग राजानं त्याला नाकागुसुकूला पाठवलं, कारण समोर खाडीपलीकडं कात्सुरेनवर आमावारी नावाचा सरदार फार बलवान होत चालला होता.

नाकागुसुकूला अर्धा दिवस द्या. आपल्याकडं सगळा काळा बसाल्ट, इथं प्रवाळापासून झालेला पांढरट चुनखडक, पाण्यानं भोकं पडलेला. एकाच गडावर दगड बसवायच्या तीन पद्धती दिसतात आणि कुठल्या कोटात कुठली हे शोधत फिरायलाच खरी मजा आहे. दक्षिणेच्या कोटात ओबडधोबड दगड जसेच्या तसे रचलेत. पहिल्या आणि दुसऱ्या कोटात चौकोनी घडीव दगडांचे सरळ थर. आणि तिसऱ्या आणि उत्तरेच्या कोटात, जो भाग गोसामारूनं वाढवला असं मानतात, तिथं पाच-सहा कोनांचे दगड एकमेकांत कासवाच्या पाठीसारखे अडकवलेत, चुना नाही, काही नाही, सांध्यात नखसुद्धा नीट जात नाही. उत्तरेच्या कोटात विहीर तटाच्या आत घेतलीय, वेढा पडला तर पाणी पाहिजे ना. १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी पेरी, त्याची माणसं बेट हिंडत इथं आली, त्यांनी मोजमापं घेतली आणि बांधकामाची तारीफ लिहून ठेवली. तटावरनं दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो, आणि पूर्वेला खाडीपलीकडं कात्सुरेनचा डोंगर.

तर १४५८ ला आमावारीनं राजाचे कान भरले, गोसामारू बंड करणार म्हणून. राजाची फौज घेऊन आमावारीच चालून आला. गोसामारूनं, कथा सांगतात तसं, राजाच्या निशाणावर हत्यार उचलायला नकार दिला आणि स्वतःला संपवलं. पुढं आमावारीनं शुरीवरच चालून जायचा बेत केला, पण त्याची बायको राजाची मुलगी आणि गोसामारूची नात, ती रातोरात पळून शुरीला गेली आणि बापाला सावध केलं. त्याच वर्षी कात्सुरेन पडला. हे डोक्यात ठेवून संध्याकाळी कात्सुरेन चढा, पायऱ्या उभ्या आहेत, वर सपाटी आणि तिन्ही बाजूंना समुद्र. ह्या गडाच्या उत्खननात रोमन आणि ओटोमन नाणी सापडलीत, म्हणजे व्यापार कुठवर पोचला होता बघा. चुनखडक पावसात फार निसटतो, जुने झिजलेले बूट घालून जाऊ नका. (उत्तरेला नाकिजिन गड आहे, तोही मोठा आहे, जानेवारी-फेब्रुवारीत तिथं चेरी फुलते. पण जाण्यायेण्यात दिवस जातो, वेळ असेल तरच.)

तिसरा दिवस दक्षिणेला. सकाळी सेफा उताकी. ही देवराई आहे हो, अगदी आपल्या देवराईसारखी, मूर्ती नाही, कळस नाही, झाडं आणि खडक हेच देव. राज्याच्या मुख्य पुजारीण बाईंचा अभिषेक इथं व्हायचा आणि त्या काळात पुरुषांना आत प्रवेश नव्हता, राजालासुद्धा मर्यादा होती. दोन प्रचंड खडक एकमेकांना टेकून त्रिकोणी वाट झालीय तिथपर्यंत जायचं, आवाज न करता, पान तोडायचं नाही, खडा उचलायचा नाही. वर्षातनं दोनदा तीन-तीन दिवस राई बंद ठेवतात, त्या तारखा चांद्र पंचांगानं येतात, आधी बघून घ्या.

दुपारी हिमेयुरी (युद्धात दवाखान्यात नेलेल्या शाळकरी मुलींचं म्युझियम) आणि माबुनी (शांती उद्यान). ह्याच दिवशी मत्स्यालय, शॉपिंग वगैरे काही जोडू नका, कळकळीनं सांगतो. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरलं आणि जूनअखेरपर्यंत लढाई चालली, बेटावरच्या चार माणसांतलं साधारण एक गेलं. दोन शाळांतल्या २२२ मुली आणि १८ शिक्षक सैन्याच्या दवाखान्यात, म्हणजे गुहांत, जखमी सांभाळायला नेले होते. १८ जूनला लढाई हाताबाहेर गेल्यावर त्यांना सांगितलं, तुकडी बरखास्त, आता जावा. बाहेर गोळीबार चालू असताना. त्या २४० पैकी १३६ जण गेले. म्युझियममध्ये एका दालनात भिंतभर मुलींचे फोटो आहेत, प्रत्येकीखाली नाव, स्वभाव कसा होता, कुठं आणि कशी गेली. घाई करू नका, दहा-बारा जणींचं तरी नीट वाचा. मग माबुनीचं शांती उद्यान. १९९५ ला समुद्राकडं तोंड करून काळ्या दगडांच्या रांगा उभ्या केल्या, दोन लाख चाळीस हजारांवर नावं, आणि त्यात ओकिनावाचे, जपानी, कोरियन, अमेरिकन सैनिक सगळे एकत्र, मित्र-शत्रू असा भेदच नाही. आपला सैनिकांचा जिल्हा, आपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्या शेजारी, तेव्हा दगडावरचं नाव म्हणजे एका घराचं काय होतं हे आपल्याला सांगावं लागत नाही. मुलं बरोबर असतील तर दहा वर्षांच्या खालच्यांना हिमेयुरीच्या म्युझियममध्ये नेऊ नका, उद्यानात फिरवा.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी माणसाची अडचण होते, डुकराचं मांस आणि माशाचा रस्सा बहुतेक पदार्थांत असतोच, ओकिनावा सोबा नावाच्या तिकडच्या नूडल्समध्येसुद्धा. चिन्सुको नावाची बिस्किटं सगळे भेट म्हणून घेतात, पारंपरिक असतील तर त्यात डुकराची चरबी असते, पाकीट तपासा. चालेल असं म्हणजे शेंगदाण्याचा जिमामी तोफू (वरचा सॉस नको म्हणा) आणि जांभळ्या रताळ्याचं काही. मेतकूट, चटणी, थेपले घरनं न्या, नाहाच्या दुकानात भात तयार मिळतो. कारलं तिकडं आवडीनं खातात, पण त्यांच्या भाजीत अंडं आणि मांस घालतात.

संध्याकाळ मोकळी मिळाली तर नाहातच त्सुबोयाला जा, १६८२ ला राजानं सगळे कुंभार एका ठिकाणी आणून वसवले ती गल्ली, अजून भांडी होतात.

जायचं कधी तर ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा मार्च-एप्रिलचा पहिला भाग. मे-जून तिकडचा पावसाळा, नंतर वादळं, आणि एप्रिलअखेरची सुट्ट्यांची गर्दी तर अजिबात नको. ऑक्टोबरला गेलात तर नाहाची मोठी रस्सीखेच मिळू शकते, तारीख बघून तिकीट काढा. वादळाचा काळ ऑक्टोबरपर्यंत लांबू शकतो म्हणून परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा आणि मुंबईचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.