सोलापूर परिसरात मालगाड्यांचे छायाचित्रण: टेलिफोटो झूम कशी वापरावी

नवी 100-400 मिलिमीटरची झूम लेन्स हाती आली की लांबचे जवळ आणण्याचा मोह आधी होतो; मालगाडीच्या छायाचित्रात मात्र तिचा खरा उपयोग वेगळा आहे. 58 वाघिणींची (मालडब्यांची) कोळशाची गाडी 600 मीटरांहून लांब असते. साध्या लेन्सने ती जवळून टिपली, तर इंजिन मोठे येते आणि मागची सारी गाडी निमुळती होत नाहीशी होते. दूर उभे राहून टेलिफोटोने, म्हणजे अशा लांब पल्ल्याच्या लेन्सने, घेतलेल्या चित्रात त्याच वाघिणी एकमेकींना खेटून आल्यासारख्या दिसतात आणि गाडीची लांबी जाणवते. त्यासाठी रुळांना वळण हवे किंवा आपण उंचावर हवे, कारण सरळ आणि सपाट मार्गावर समोरून इंजिनाखेरीज काहीच दिसत नाही.

सोलापूरला मालगाड्यांची वानवा नाही. होटगीजवळच्या औष्णिक वीज प्रकल्पासाठी कोळसा येतो, तिथल्या सिमेंट कारखान्यांची वाहतूक असते आणि पाकणीच्या तेल डेपोमुळे टँकरच्या गाड्याही दिसतात. मालगाड्यांचे वेळापत्रक प्रवाशांना मिळत नाही. म्हणून फाटक बंद होणे, सिग्नल बदलणे यांकडे लक्ष ठेवावे. एखादी जलद गाडी पुढे काढण्यासाठी लहान स्थानकावर मालगाडी लूप लाइनला (मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर) थांबवली असेल, तर नवी लेन्स पारखून पाहण्यास ती उत्तम संधी असते.

मोहोळकडून सोलापूरकडे रूळ ढोबळमानाने वायव्येकडून आग्नेयेकडे येतात. त्यामुळे हिवाळ्यातील सकाळी सोलापूरकडे येणाऱ्या इंजिनाच्या तोंडावर ऊन पडते, तर मुंबईकडे जाणाऱ्या इंजिनाचे तोंड त्या वेळी सावलीत असते. सकाळी रुळांच्या ईशान्येला आणि संध्याकाळी नैर्ऋत्येला उभे राहावे. जानेवारीत शेतात उभी असलेली ज्वारी पुढे घेतली तर चित्र खुलते. परंतु कणसांची उंची आधी पाहावी, नाहीतर वाघिणींची चाके आणि अर्धे अंग तिच्याआड जाते.

सोलापुरात लेन्सचा मोठा शत्रू म्हणजे तापलेली हवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की रुळांखालच्या खडीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे दूरचे इंजिन पाण्यात थरथरल्यासारखे उमटते. हा दोष कितीही महागड्या लेन्सने किंवा वेगवान शटरने जात नाही. अंतर कमी करणे किंवा वेळ बदलणे एवढेच उपाय उरतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयानंतरचा पहिला तास सोडू नये आणि दुपारी 400 मिलिमीटरचा हट्ट न धरता 150 ते 200 वर समाधान मानावे.

ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते. शटर 1/1000 सेकंद, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ 8 च्या आसपास, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो आणि फोकस अखंड अनुसरणाऱ्या मोडवर ठेवावा. फोकस बिंदू हेडलाइटवर न ठेवता इंजिनाच्या समोरच्या काचेच्या कडेवर ठेवावा. पेटलेला हेडलाइट कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला फसवतो आणि चित्र काळवंडते, म्हणून रिकाम्या रुळांवरच एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) ठरवून, आयएसओही ऑटोवरून काढून, ते मॅन्युअलवर कायम करणे मला अधिक भरवशाचे वाटते. विजेचा खांब इंजिनाच्या तोंडावर येणार नाही, ती जागा आधीच हेरावी.

रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे. लांब लेन्स असताना त्याची गरजही नाही. स्थानकात प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशन मास्तरांना विचारावे. वरच्या तारांत 25,000 व्होल्ट वीज असल्याने पुलावर धातूचा मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी दांडा) उंचावू नये. कोळशाची किंवा सिमेंटची गाडी जाताना उडणारी धूळ लेन्सच्या काचेवर बसते, म्हणून लेन्स तिथे बदलू नये आणि घरी आल्यावर कापड लावण्याआधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) धूळ उडवावी, अन्यथा पुसतानाच ओरखडे पडतात.