परदेशी स्थलांतर: सल्लागाराच्या हाती काय सोपवावे आणि काय स्वतः पाहावे

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यापासून बाणेरपर्यंत परदेशी स्थायिक होण्याविषयी सल्ला देणारी कार्यालये पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही मनापासून चांगले काम करतात. मात्र व्हिसा, कर आणि सामान ही तीन वेगळी कामे आहेत. एकच कार्यालय तिन्हींची जबाबदारी घेत असेल, तर प्रत्येक काम प्रत्यक्षात कोण करणार आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

व्हिसाच्या सल्लागाराकडे पहिली चौकशी परवान्याची करावी. कॅनडासाठी मोबदला घेऊन प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती तेथील वकील किंवा तेथील स्थलांतर-सल्लागारांची नियामक संस्था असलेल्या ‘कॉलेज’ची परवानाधारक असावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत एजंटाला ‘मारा’ (MARA) या तेथील एजंट-नोंदणी कार्यालयाचा सात आकडी क्रमांक असतो. न्यूझीलंडचा सल्लागार पुण्यात बसून काम करत असला, तरी मोजके अपवाद वगळता त्याला तेथील परवाना लागतो. या नोंदवह्या इंटरनेटवर खुल्या आहेत. त्यांत कार्यालयाच्या पाटीवरचे नाव न शोधता आपल्या अर्जावर प्रतिनिधी म्हणून सही करणाऱ्याचे नाव शोधावे. ‘अर्जात आमचा उल्लेख नको’ असे कोणी म्हणाले, तर तेथून सरळ उठावे, कारण अर्जातील खोट्या माहितीची शिक्षा अर्जदाराला भोगावी लागते आणि कॅनडात ती ५ वर्षांच्या बंदीची असू शकते. परदेशी नोकरी मिळवून देणारा भरती-एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे ना, हे पाहावे. त्याला उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती मागून घ्यावी.

यानंतरचे काम मात्र स्वतःच, आणि शुल्क भरण्याआधी करावे: कुटुंबातील प्रत्येकाचे सगळे दाखले टेबलावर मांडून नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. आपल्याकडे अडचण बहुधा येथेच निघते. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापलेले असते, पदवीवर वडिलांचे नाव मधे येते, जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसते, आणि लग्नात नाव बदललेल्या आईचे पासपोर्टवरचे नाव मुलाच्या जन्मदाखल्यावरील नावाशी जुळत नाही. त्यावर राजपत्रातील नावबदल, प्रतिज्ञापत्र किंवा महापालिकेतील दुरुस्ती यांपैकी काय लागेल, हे सल्लागाराला पहिल्याच बैठकीत विचारावे. या दुरुस्त्यांना वेळ लागतो आणि अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून होणारे प्रमाणीकरण, त्यांच्यानंतरच करता येतो. त्यासाठी आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा क्रम असतो. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल करारात नसल्यामुळे तेथे जाणाऱ्यांना दूतावासाचेही प्रमाणीकरण घ्यावे लागते. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेमार्फतच मिळतो. तो फार आधी काढू नये, कारण मुदत संपली की पुन्हा काढावा लागतो.

करासाठी अनिवासी भारतीयांची कामे नेहमी करणारा सनदी लेखापाल गाठावा. अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे रुपयातील खाते, करून घ्यावे लागते. पुण्यातील सदनिका भाड्याने द्यायची असेल, तर विश्वासू नातेवाइकाच्या नावे कामापुरतेच मर्यादित कुलमुखत्यारपत्र करावे. सरसकट अधिकार कधीही लिहून देऊ नयेत.

निवृत्त आई-वडिलांना मुलांकडे न्यायचे असेल, तर ‘दीर्घ मुक्काम’ आणि ‘कायमचे वास्तव्य’ यांतला भेद सल्लागाराकडून स्पष्ट करून घ्यावा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते, पण त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो आणि त्यातून कायमचा वास्तव्य-हक्क मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांवर हा विमा कितपत लागू होतो, हे पॉलिसीत वाचूनच निर्णय घ्यावा. माझ्या मते या वयात हा प्रश्न व्हिसाइतकाच महत्त्वाचा आहे.

सामान हलवणाऱ्या कंपनीला घरी येऊन पाहणी केल्याशिवाय दर सांगू देऊ नये. सामान ऑस्ट्रेलियाला जाणार असेल, तर लाकडी देव्हारा, मातीचे डाग असलेले बूट आणि मसाल्यांचे डबे यांची तिथे कसून तपासणी होते, म्हणून ते वेगळ्या खोक्यात भरून यादीत स्पष्ट लिहावेत. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातील मोडतोड विम्यात बहुधा धरत नाहीत. काचेची आणि पितळेची भांडी कंपनीच्या माणसांकडूनच बांधून घ्यावीत आणि माल परदेशी पोहोचल्यावर खोकी मोजल्याखेरीज पोचपावतीवर सही करू नये.