लहान मुलांना गुणाकार कसा शिकवावा

पाढे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला विचारा, "तीन ताटल्यांत प्रत्येकी चार मणी, एकूण किती?" पुष्कळदा उत्तर येतं, सात. पाढा पाठ आहे, पण तो कशाचा आहे हे कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून आधी गट, मग पाढा. आणि २० पर्यंतची बेरीज न अडखळता येईपर्यंत गुणाकाराची घाई नको.

पायरी १. १२ मणी, ३ ताटल्या. प्रत्येकीत ४ ठेवून मुलाने मोठ्याने म्हणावं, "चार, तीन वेळा." मग ४ + ४ + ४ लिहावं, त्याखाली ४ × ३. "चार त्रिक बारा"मधलं त्रिक म्हणजे हेच "तीन वेळा". एवढं सांगितलं तरी पाढ्याची भाषा उलगडते. नंतर मुद्दाम २, ४ आणि ५ मणी ठेवा आणि विचारा, हे गुणाकाराने लिहिता येईल का? नाही, कारण गट समान नाहीत. हा प्रश्न वगळू नका. समज पक्की आहे की नाही ते इथेच कळतं.

पायरी २. चौकटीच्या कागदावर ३ ओळी, प्रत्येक ओळीत ४ चौकटी रंगवा. कागद फिरवला की ४ ओळी, ३ चौकटी, एकूण तेवढ्याच. या अदलाबदलीमुळे १ ते १० च्या पाढ्यांतले १०० गुणाकार ५५ वर येतात.

पायरी ३. पाढे क्रमाने घेऊ नका. आधी २, १० आणि ५. मग २ ची दुप्पट ४, ४ ची दुप्पट ८. त्यानंतर ३ आणि त्याची दुप्पट ६. ९ साठी दहापट करून एकपट वजा: ६० − ६ = ५४. शेवटी ७ च्या पाढ्यात नवं फक्त ७ × ७ = ४९ उरतं!

पायरी ४. रोज दहा मिनिटं, उलटसुलट विचारा. ७ × ६ साठी मूल "सात एके सात"पासून सुरू करत असेल तर अडवू नका, जवळचा टप्पा द्या: सात पंचे पस्तीस, आणखी सात, बेचाळीस.

५ × ० = ५ ही चूक हमखास होते. "शून्याने काहीच होत नाही" असं बेरजेत शिकलेलं इथे आड येतं. पाच रिकाम्या ताटल्या मांडा आणि मणी मोजायला सांगा.