धाप लागली की जीव घाबरा होतो? या चुका टाळा

सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुना आजार असला की धापेने भीती वाटते आणि भीतीने धाप वाढते. अशा वेळी माणूस जे उपाय करायला धावतो, त्यातले काही उलटेच पडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हवा आत ओढत राहणं. श्वास पुरत नाही असं वाटतं, म्हणून माणूस तोंड उघडून भराभर श्वास घेतो. पण सीओपीडीत खरी अडचण असते हवा बाहेर टाकण्याची. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात; आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घेतला की फुप्फुसं फुगलेलीच राहतात आणि नव्या हवेला जागा उरत नाही. म्हणून लक्ष श्वास सोडण्याकडे द्या. खुर्चीत बसून थोडं पुढे वाका, कोपरं मांड्यांवर टेका, खांदे सैल सोडा. मनात 2 आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून 4 आकडे मोजत सावकाश सोडा. जोराने फुंकायचं नाही. 4 जमले नाहीत तर 3 चालतील. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतला तरी धाप कमी जाणवते. हा सराव बरं वाटत असताना रोज करा. ऐन घाबरगुंडीत नवं काही शिकता येत नाही.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फुप्फुसाच्या रुग्णाला तो धोक्याचा आहे.

पंपाचंही (इनहेलरचंही) तसंच. त्यातल्या सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाने हात थरथरतात, छाती धडधडते, त्यालाच भीतीचा झटका समजून पुन्हा पंप घेतला जातो. किती पफ, किती वेळाने, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. घरी ऑक्सिजन असेल तर फ्लो आपल्या मनाने वाढवू नका. काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो. झोपेच्या किंवा भीतीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, काहींमुळे श्वास मंदावतो.

घरच्यांनो, "काही झालं नाहीये, उगाच घाबरू नकोस" असं म्हणू नका. त्या माणसाला खरोखर गुदमरत असतं. भोवती गर्दी न करता समोर बसा, हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारा आणि त्यांच्यासोबत सावकाश श्वास सोडा.

धापेच्या भीतीने चालणं बंद करू नका. स्नायू अशक्त झाले की थोड्या हालचालीनेही दम लागतो. डॉक्टरांना पल्मनरी रिहॅबिलिटेशनबद्दल, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाचं तंत्र शिकवणाऱ्या कार्यक्रमाबद्दल विचारा, आणि झटके वारंवार येत असतील तर समुपदेशनाबद्दलही. भीतीवर उपचार आहेत, ती निमूट सोसायची गोष्ट नाही.

उलट, प्रत्येक धाप भीतीवर ढकलणंही तितकंच घातक. ओठ निळसर पडले, एक वाक्य सलग बोलता येईना, छातीत दुखू लागलं, गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं किंवा पंप घेऊनही आराम पडला नाही, तर श्वासाचे व्यायाम करत थांबू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा.