नक्षीकामासाठी एअर हॅमर: बनवायचा कसा आणि मग त्याला वळण कसं लावायचं

एअर हॅमर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा घण, बनवायला घेतला की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, रॅम (वर-खाली होऊन ठोका मारणारा वजनदार भाग) किती किलोचा. पण वेली, पानं, गुंडाळ्या असलं नक्षीचं काम करणार असाल तर मी म्हणेन आधी हलका ठोका कसा मिळेल ते बघा. जोराचा ठोका काय, मोठा सिलेंडर लावला की मिळतो. पेडलवर पाय जरासा टेकवला की डाय, म्हणजे ठोका देणारा पोलादी तुकडा, नुसती लोखंडाला लागावी, आणि पाहिजे तिथे पाहिजे तेवढा एकच ठोका पडावा, यात खरी मेहनत आहे. जेम्स नॅस्मिथने १८४२ मध्ये वाफेच्या घणाचं पेटंट घेतलं, तेव्हाही ग्लासात ठेवलेल्या अंड्याचं नुसतं कवच फोडून ग्लास शाबूत ठेवून दाखवायचे, म्हणजे तेव्हाही कौतुक ताब्याचंच होतं.

एकट्या माणसाच्या कामाला २५ किलोचा रॅम भरपूर झाला. सिलेंडर डबल अ‍ॅक्टिंग (दोन्ही बाजूंनी हवा भरणारा), ५० मिमी बोअर म्हणजे आतला व्यास, २५० मिमी स्ट्रोक म्हणजे चाल. आता लगेच कोणीतरी म्हणेल ६३ चा बोअर का नाही, तर हिशोब बघा. ५० च्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौ. सेमी, ६ बार दाबाला जोर येतो जवळपास १२० किलोचा. ६३ ला १९० किलो. पण हवा कोण देणार? १५ सेमी चालीला ५० च्या सिलेंडरला वर-खाली मिळून साधारण ५४० सीसी लागतात, ६ बारची हवा म्हणजे वातावरणाच्या सात पट दाबलेली, म्हणजे एका ठोक्याला ३.८ लिटर मोकळी हवा, आणि मिनिटाला १५० ठोके धरले तर ५७० लिटर, साधारण २० सीएफएम (मिनिटाला घनफूट). ६३ ला हेच ३३ सीएफएमच्या आसपास जातं. प्रत्यक्षात दर ठोक्याला सिलेंडर पूर्ण भरत नाही म्हणून थोडं कमी लागतं, पण कॉम्प्रेसर निवडताना हाच आकडा धरा. आणि कॉम्प्रेसरच्या प्लेटवर पुष्कळदा पिस्टनच्या हिशोबाचा आकडा असतो, टाकीतून खरी किती हवा मिळते ते म्हणजे एफएडी, तोच विचारा.

ऐरण रॅमच्या निदान दहा पट वजनाची, पंधरा पट मिळाली तर सोनं. २५० मिमी जाडीचा भरीव शाफ्ट ९० सेमी उभा केला की साधारण ३४५ किलो होतो, २०० मिमीचा २२० च्या आसपास, म्हणजे तो जरा कमीच पडतो. भरीव शाफ्ट मिळत नसेल तर जाड चौकोनी सळया एकत्र बांधून उभ्या वेल्ड करा, चालतं. पाइपात काँक्रीट भरून करू नका, डायच्या थेट खाली सलग पोलाद नसेल तर ठोका लोखंडात न जाता जमिनीत जातो आणि तुम्ही म्हणता हॅमरात दम नाही.

आता हवेची जोडणी, इथे घाई नको. मेन व्हॉल्व ५/२ (पाच पोर्ट, दोन स्थिती), पायलटवर म्हणजे इशाऱ्याच्या थोड्या हवेवर चालणारा, स्प्रिंग रिटर्न. पाच पोर्टचाच घ्या, कारण त्याला दोन एक्झॉस्ट वेगळे मिळतात आणि सगळा ताबा त्यातून येतो. फ्रेमवर एक रोलर व्हॉल्व बसतो, रॅमला एक लांब पट्टी लावायची, रॅम ठरावीक उंचीच्या वर असेल तर ती पट्टी रोलर दाबून धरेल आणि खाली गेला की सोडेल. रोलर दाबलेला म्हणजे पायलटला हवा, मेन व्हॉल्व पलटतो, रॅम खाली. सुटला की स्प्रिंग व्हॉल्व परत आणते, रॅम वर. हवा आणि व्हॉल्व दोघांनाही थोडा उशीर लागतो, त्या उशिरामुळे रॅम त्या बिंदूच्या पुढे जातो, परत येतो, परत जातो, असा आपोआप ठोके मारत राहतो. किनयन या अमेरिकी लोहाराच्या आराखड्यावरचे हॅमर म्हणतात त्यांचं तत्त्व हेच. पेडल सोडलेलं असताना रोलरला जाणारी हवाच बंद, त्यामुळे रॅम वर जाऊन उभा राहतो.

मेन व्हॉल्व सिलेंडरच्या जितका जवळ तितकं बरं, मधली नळी लांब झाली की दर ठोक्याला ती नळीच भरत बसते आणि हॅमर आळशी होतो. मुख्य लाइन पाऊण इंची, हॅमरजवळ एक टेस्ट केलेली तयार टाकी, त्यापुढे फिल्टर, रेग्युलेटर (दाब ठरवणारा), ऑइलर (हवेत तेल सोडणारा). गेज हॅमरपाशी लावा आणि हॅमर चालू असताना वाचा, बंद असताना तर सगळेच गेज छान दिसतात. पीव्हीसी पाइप हवेला अजिबात वापरायचा नाही, फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात. टाकीही घरी वेल्ड करायची नाही.

पिस्टन रॉड रॅमला घट्ट आटे मारून जोडला तर तो आट्याच्या मुळाशी तुटणार, आज नाही तर उद्या. प्रत्येक ठोक्याचा हादरा तिथेच जमा होतो. मध्ये पॉलीयुरेथेनचा जाड पॅड वर-खाली दोन्ही बाजूंनी द्या आणि बाजूला हलायला दीड-दोन मिमी जागा ठेवा. रॅमच्या गाइडला यूएचएमडब्ल्यू (एक टिकाऊ, घसरट प्लास्टिक) पट्ट्या बऱ्या, नायलॉन ओलावा पिऊन फुगतं आणि पावसाळी हवेत रॅम अडकायला लागतो. फट ०.३ ते ०.५ मिमी, मागून स्क्रूने ॲडजस्ट होईल अशी. दोन्ही डाय एकमेकींना टेकलेल्या असताना सिलेंडरमध्ये खाली ४० मिमी तरी शिल्लक पाहिजे, नाहीतर पिस्टन झाकणावर आपटतो.

हॅमर ठोके मारायला लागला म्हणजे काम अर्धं झालं, आता त्याला वळण लावायचं. रॅम खाली येताना सिलेंडरच्या खालच्या भागातली हवा एका एक्झॉस्टमधून बाहेर जाते, त्या एक्झॉस्टवर बॉल व्हॉल्व लावून तो पेडलला जोडा. वाट अरुंद तर रॅम हळू, ठोका हलका. येणारी हवा आवळून हे जमत नाही, रॅम लडखडतो, बाहेर जाणारी आवळली की कसा गुळगुळीत उतरतो बघा. दुसऱ्या एक्झॉस्टला साधा फ्लो कंट्रोल, थोडा आवळलेला, म्हणजे पेडल सोडल्यावर रॅम वरच्या झाकणावर धाडकन जात नाही.

बॉल व्हॉल्वची खोड अशी की पहिले काही अंश काहीच होत नाही आणि मग एकदम उघडतो, आणि नक्षीकामाला नेमका तोच मधला भाग लागतो. उपाय सोपा आहे, व्हॉल्व उघडून बॉलच्या भोकाच्या कडेला कानशीने व्ही खाच पाडा, धार काढून गुळगुळीत करा, सील घासता कामा नये. खाच लहानच सुरू करा, वाढवता येते, कमी करता येत नाही. पेडलचा दांडाही लांब ठेवा, पावलाला १०० मिमी चाल मिळाली तर पायालाही अंदाज येतो.

रोलरची जागा सरकत्या ब्रॅकेटवर पाहिजे. वरून सुरुवात करा आणि ५-५ मिमी खाली आणा. रोलर फार वर असेल तर रॅम नुसता हवेत थरथरतो, खाली आणाल तसा ठोका जड होतो, आणि फारच खाली गेला की डाय लोखंडावर बसूनच राहते आणि तापलेला तुकडा तिथेच काळा पडतो. जाड तुकडा किंवा वर स्वेज (आकार देणारा साचा) ठेवून काम असेल तर रोलर तेवढाच वर घ्यावा लागतो, म्हणून ब्रॅकेटला हाताने फिरणारा नॉब असू द्या, पाना शोधत बसलात की ताव गेला. हॅमर महिन्याभराने मंद वाटायला लागला तर आधी एक्झॉस्टवरचे सायलेन्सर काढून बघा, ऑइलरच्या तेलाने ते बुजतात.

डाय ईएन १९ किंवा एच १३ पोलादाच्या, फार कडक करू नका, कडक डायची कड तुटून उडते. एक जोडी सपाट पण कडा ८ मिमी गोल केलेल्या, एक जोडी मधे फुगीर. पान करायचं तर १२ मिमी चौकोनी सळई घ्या, पिवळसर तावात टोक निमुळतं करा, मग टोकाच्या मागे डायच्या गोल कडेवर अर्धा तुकडा ठेवून फिरवत फिरवत हलक्या ठोक्यांनी मान पाडा, आणि मग पोट फुगीर डायवर मधून कडेकडे पसरवा. मान फार बारीक केली तर पसरवताना तिथूनच पान वाकतं, म्हणून ५-६ मिमीच्या खाली आधी जाऊ नका, शेवटी हाताने बारीक करा. लाल रंग विझायला आला की थांबायचं, थंड लोखंडावर मारलं की कडेला चिरा पडतात.

कानाला मफ, डोळ्याला चष्मा, हे दर वेळी. डाय बदलताना हवा बंद करून लाइन रिकामी करायची, आणि हवा गेली की रॅम खाली येतो हे लक्षात ठेवून त्याआधी दोन डायमध्ये लाकडाचा जाड ठोकळा उभा करायचा, मगच हात आत.

आणि पान पसरवण्याआधी दर तावाला वायर ब्रश मारा, खालची डायही पुसा. हाताच्या हातोडीखाली तापलेल्या लोखंडावरची खपली बरीचशी उडून जाते, इथे ती भराभर ठोक्यांनी पानाच्या अंगातच बसते आणि नंतर पॉलिश करताना खड्डे होऊन वर येते.